दावणीला तीन सिमकार्डं

उंबरदऱ्याला मोबाईलचा सिग्नल यायचा तो रुसक्या जावयासारखा. आधी वाट बघायला लावायचा, आला की उंबऱ्यातच टेकायचा आणि दोन शब्द बोलायला जावं तर चप्पल घालून परत. डोंगरांनी वाडगा करून धरावा, तसं हे पाथर्डी तालुक्यातलं गाव. वाडग्याच्या तळाला साठ-सत्तर घरं, आणि टॉवर सगळे काठापलीकडं. कुणाला 'हॅलो' म्हणायचं झालं तर देवीच्या टेकाडावर चढून जावं लागायचं. चढेस्तोवर माणसाला एवढा दम लागायचा, की पलीकडच्याला वाटायचं, गेलं कुणीतरी. असाच एकदा एक फोन अर्ध्यात तुटला, तर शेवगावकडचे दोन टेम्पोभर पाहुणे पांढऱ्या टोप्या घालून रडत गावात आले. आलेच आहेत तर जाणार कसे, म्हणून पुरणाची पोळी खाऊन ढेकर देत परत गेले.

थंडीत तर आणखी मजा. टेकाडावरून बोललेले शब्द गारठून बाभळीच्या काट्यांना अडकून राहायचे. ऊन चढलं की टपाटपा खाली पडायचे, आणि शेरडं राखणाऱ्या बायांना भलत्याच घरची भांडणं ऐकायला मिळायची. अजिनाथाच्या म्हशीच्या पाठीवर उभं राहिलं तर दोन दांड्या मिळतात, असं अजिनाथ सांगायचा. पण तो कुणाला चढू द्यायचा नाही, त्यामुळे खरंखोटं म्हशीलाच माहीत.

या सगळ्याची पुंजाराम आबांना कधी फिकीर नव्हती. त्यांना उभा जिल्हा बैलांचा पारखी म्हणून ओळखायचा. घोडेगावच्या बाजारात पुंजाबा शिरले की विकणारे आपल्या बैलापुढं आडवे उभे राहायचे, म्हणजे त्यांची नजर पडायला नको. रस्त्यावरची धूळ बघून ते सांगायचे, इथून गेला तो बैल चौसा, म्हणजे चार दातांचा, होता आणि मागच्या डाव्या पायानं जरा अधू होता. अशा माणसाला फोन कशाला लागतो?

पण त्या बुधवारी त्यांची नात जया टेकाडावरून अशी पळत खाली आली, की तिच्यामागं धुळीचा लोट आणि लोटामागं दोन कुत्री.

"आबा! लागली! नोकरी लागली!" ओसरीवर येऊन तिनं खांबच धरला. "म्हंजी, लागली न्हाई अजून. पन लागंल!"

"लागली का लागंल?" तिची आजी लंकाबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या, त्या तिथूनच ओरडल्या. "नीट सांग, भाकर करपतीय माझी."

जयानं सांगितलं ते असं. संगमनेरकडची एक दूध कंपनी फोनवरची सेवा चालू करत होती. कुणाची गाय चारा खाईना, कुणाची म्हैस पान्हा चोरतेय, त्यानं एका नंबरावर फोन लावायचा. तो फोन कुठल्यातरी गावातल्या पोरीच्या घरी वाजायचा. तिनं विचारपूस करायची, पहिला उपाय सांगायचा आणि गरज असेल तिथं डॉक्टर धाडायचा. घरबसल्या काम. जनावरांचं जयाला ठाऊक नाही असं काही नव्हतं, आबांच्या दावणीतच रांगली होती ती. तिथल्या राजेश्वरी मॅडमना तिचं बोलणं आवडलं होतं. आता फक्त सोमवारी दहा ते बारा खरे फोन तिच्याकडं वळवून बघायचे होते.

"मॅडम म्हनल्या, बाकी तुझं समदं बेस हाय. पन तुमच्या गावाला रेंज हाय का? लाईन तुटली तर दुसरी मुलगी तयार हाय."

"मग तू काय म्हनलीस?"

"म्हनलं, लई रेंज हाय मॅडम. तेवढ्यात फोन तुटला."

कुणी हसलं नाही. दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रॅक्टर गावात येणार होता. जयाचे आईबाप दरसालासारखे ऊसतोडीला जाणार होते. मागल्या साली बारावी झाल्यावर जयाही त्यांच्याबरोबर गेली होती, आणि हंगाम सरेपर्यंत पाचटानं चिरलेल्या हातांनी मोळ्या बांधत बसली होती. ही नोकरी लागली तर यंदा ती ट्रॅक्टरमध्ये चढणार नव्हती. नाही लागली तर चढणार होती. एवढा साधा हिशेब होता.

पुंजाबांनी तंबाखू थुंकून टाकली, मिशीला पीळ दिला आणि उठून उभे राहिले.

"म्हंजी नेटवर्क चांगलं पायजे, एवढंच ना? मग रडतीस कशाला? नेटवर्क म्हंजी काय गं? बैलच की! आपन बोलन्याचं ओझं घालायचं, त्यानं डोंगर वलांडून न्यायचं. आजपतुर एक बैल माझ्या नजरंतून सुटला न्हाई, ह्यो सुटतोय व्हय?"

"मागं टेबलफॅन आनताना बी असंच म्हनला हुता," लंकाबाई म्हणाल्या. "तवा फॅनचं दात बघितलं हुतं का?"

शुक्रवारी आजा आणि नात वडापच्या जीपला लोंबकळत घोडेगावच्या बाजाराला गेली. बैलबाजाराच्या तोंडाशीच एका मोठ्या रंगीत छत्रीखाली ओंकार नावाचा पोरगेलासा विक्रेता बसला होता. नगरमधल्या सावेडीचा. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, कानाला फोन, आणि पुढ्यात टेबलावर तीन कंपन्यांची कार्डं मांडलेली. एक जांभळं, एक केशरी, एक हिरवं.

पुंजाबांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. कार्डांकडं पुढून बघितलं, मागून बघितलं. मग खांद्यावरचा पंचा काढून ओंकारच्या हातावर टाकला आणि पंच्याखाली त्याची बोटं गच्च धरली. घोडेगावात भाव असाच बोलायचा असतो. तोंडातून शब्द काढायचा नाही, कापडाखाली बोटं दाबायची.

ओंकार घाबरला. "बाबा, काय करताय? मला हात दाखवायचा नाही माझा."

"बोटं बोल की!"

"कसली बोटं? सिम फुकट आहे, बाबा. नुसता रिचार्ज मारायचा."

पुंजाबांनी चटका बसल्यासारखा हात काढला. "जया, चल. फुकट जनावर इकनारा मानूस अन् त्याचं जनावर, दोन्हीपासून लांब ऱ्हावं."

"आबा, समदीकडं फुकटच असतंय."

"असं? बरं." ते परत वळले आणि जांभळं कार्ड चिमटीत धरून म्हणाले, "ह्याचं दात किती?"

"दात?" ओंकारनं जयाकडं बघितलं. जयानं कपाळाला हात लावला. तो चाचरत म्हणाला, "हे... फाईव्ह जी आहे."

"पाच?" पुंजाबांचा आवाज इतका चढला की बाजूचे चार व्यापारी धावत आले. "अरं, जनावराला दात जोडीनं येत्यात! दोन, चार, सा, आठ! पाच दातांचा बैल मी बापजन्मात बघितला न्हाई! एक पाडलाय का मारामारीत?"

"हे दुसरं घ्या ना मग. ह्याचं तुमच्या भागात फोर जी आहे."

"चौसा. हां. हे कामाला लागलेलं दिसतंय." त्यांनी हिरवं कार्ड नाकाशी धरून वास घेतला. "तिनी दे. घरी नेऊन औताला जुपनार. चालला तर ठिवनार, न्हाईतर दावं सोडून देनार."

अंगठा लावायची वेळ आली तेव्हा निराळीच पंचाईत झाली. जन्मभर कासरा ओढून पुंजाबांच्या अंगठ्याच्या रेघा पार पुसल्या होत्या. मशीननं दोनदा ठिपका तांबडा केला आणि तिसऱ्यांदा जणू हात जोडले. शेवटी तिन्ही कार्डं जयाच्या अंगठ्यावर निघाली. ओंकारनं आपला नंबर कागदावर लिहून दिला. "बाबा, तुम्ही पारखी माणूस. कोणतं चांगलं निघतं ते मला कळवा बरं का."

"कळवू की," पुंजाबा फुगून म्हणाले. आणि गाडं बिघडायला सुरुवात झाली ती इथून.

शनिवारी सकाळी उंबरदऱ्यात असा थाट झाला, की बैलपोळा फिका पडावा. पुंजाबांनी आपल्या बैलजोडीला आंघोळ घातली, शिंगांना हिंगूळ लावला आणि जुवाला तीन फोन बांधले. एक जयाचा, एक तिच्या बापाचा, आणि एक शेजारच्या कल्याणचा मागून आणलेला. प्रत्येकात एकेक कार्ड. माणसाचा हात थरथरतो, पण बैलाची चाल खोटी नसते, असं पुंजाबांचं म्हणणं. गावाच्या शिवारभर जोडी फिरवायची आणि बाहेरगावाहून एकानं पाळीपाळीनं फोन लावून सारखं बोलत राहायचं. जे कार्ड कुठं अडखळणार नाही ते खरं.

बोलायला कोण जाणार? तर अजिनाथ. अजिनाथ म्हणजे पुंजाबांचा लहानपणापासूनचा मैतर. आणि मैतर असल्यामुळेच त्यांचं एकही वाक्य त्याला कधी पटलं नव्हतं. तो तिसगावला जाऊन स्टँडवर बसला, चहा मागवला आणि फोन लावला.

"बोलू का?"

"बोल! थांबायचं न्हाई!" जया ओरडली. फोनचा आवाज मोठा केलेला, आणि बैलांमागं अख्खा गाव.

"मग ऐका रं गावकरी!" अजिनाथाला असा मोका उभ्या जन्मात मिळाला नव्हता. "ह्यो पुंजाराम म्हंजी एक नंबरचा फुशारक्या मानूस. ह्यानं माझ्या मेव्हन्याला बैल घिऊन दिला, त्यो उतारावर बी बसायचा. ह्यानं..."

ओढ्याशी आल्यावर जांभळं कार्ड मुकं झालं. बैल ओढ्यातून वर चढले तरी ते मुकंच. पुंजाबांनी फोनला दोन टिचक्या मारल्या, शेपूट पिरगाळावं तशी फोन बांधल्याची दोरीही पिरगाळली. छे.

"पाच दाती!" ते विजयानं म्हणाले. "बघितलं? फेका त्याला."

मग केशरी. अजिनाथ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पण केशरी कार्ड अर्धं गिळायचं आणि अर्धं द्यायचं. तिसगावहून त्यानं "पुंजाला बैलातलं काही कळत न्हाई" असं म्हणावं, आणि इथं "पुंजाला बैलातलं... कळत..." असं ऐकू यावं. "असा शहाना जिल्ह्यात न्हाई असं त्यालाच वाटतं" यातलं "असा शहाना जिल्ह्यात न्हाई" तेवढं गावात पोचलं.

पुंजाबा थबकले. डोळे मिटून ऐकू लागले. "काय गोड आवाज हाय बघ ह्याचा. हेच घ्यावं काय गं?"

"आबा, ते तुटतंय म्हनून ग्वाड लागतंय!"

मोठ्या नाराजीनं त्यांनी हिरव्याची पाळी आणली. आणि हिरवं निघालं की भरधाव! ओढा आला, आवाज तसाच. खोल विहिरीच्या काठाला गेले, तसाच. भुताच्या चिंचेखाली गेले, जिथं म्हणे स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही, तिथंही अजिनाथ खणखणीत. एकेक शिवी सोलून, धुऊन, पुसून हातात द्यावी अशी. मध्येच तो शिंकला तर इथं तीन माणसांनी तोंड पुसलं. मेव्हण्याच्या बैलाची गोष्ट शेपटासकट गावानं ऐकली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हिरवं!" जयानं उडी मारली. "आबा, हिरवं!"

कुणीतरी गुलाल आणला. बैलांना लावला, पुंजाबांना लावला, कार्डाच्या रिकाम्या पाकिटालाही लावला. लंकाबाईंनी नवऱ्याची बाही ओढली. "आवं, आता गप घरी चला. तुमीच सांगता ना, दावं आपल्या हातात येईस्तवर बाजारात तोंड उघडायचं न्हाई म्हनून?"

पण गुलाल लागलेला माणूस कधी गप बसलाय? पुंजाबा मारुतीच्या पारावर चढले. "ऐका! गावाच्या जल्माची ददात मिटली! डोळं झाकून हिरवं घ्या! म्या सांगतो, पुंजाराम सांगतो!"

तेवढं बोलून ते थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी ओंकारला फोनही लावला. हिरव्यावरूनच.

रविवारी उन्हं वर यायच्या आत ओंकार छत्री घेऊन पाराशी हजर. पुंजाबांनी पसंत केलेला बैल कुणी सोडतो का? गावानं रांग लावली. म्हाताऱ्यांनी घेतलं, पोरांनी घेतलं, ज्यांच्याकडं फोन नव्हता त्यांनीही पुढं लागेल म्हणून घेऊन ठेवलं. संध्याकाळपर्यंत उंबरदरा नुसता किणकिणत होता. ओसरीवरचा म्हातारा परसातल्या म्हातारीला फोन करत होता, "चहा टाक." म्हातारी म्हणत होती, "टाकलाय, पन आवाज काय झ्याक येतोय तुमचा!" ज्यांची बारा वर्षं बोलचाल बंद होती, तेही फोनवरून भांडू लागले. पुंजाबा ओसरीवर बसून सगळं ऐकत होते, आणि प्रत्येक घंटीसरशी त्यांची छाती बोटभर रुंद होत होती.

सोमवार उजाडला. हिरव्याचा नंबर जयानं मॅडमना आधीच कळवला होता. जयानं गोठ्याशेजारची खोली झाडून घेतली, वही-पेन मांडलं, डोक्याला तेल लावून घट्ट वेणी घातली आणि कानात वायर अडकवून बसली. दहाच्या ठोक्याला फोन वाजला.

"हॅलो जया, मी राजेश्वरी. पहिला फोन जोडते हं. एक बाई आहेत, त्यांच्या गाई..."

गाईचं काय झालं ते गाईलाच माहीत. फोन गप झाला. जयानं स्क्रीनकडं बघितलं. दांड्या सगळ्या उभ्या, एकही कमी नाही. तिनं उलटा फोन लावला. सगळ्या लाईनी व्यस्त आहेत, असं एक बाई गोड आवाजात सांगू लागली. पुन्हा लावला. तीच बाई, तोच गोडवा.

"आबा!" जया बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक. "लाईनच मिळंना!"

"दांड्या?"

"दांड्या भरून हायत! पन अख्खा गाव हिरव्यावर चढलाय, आबा. त्या टॉवरला येवढ्या मानसांचं झेपंना."

पुंजाबांना टॉवरचं कळलं नाही, पण झेपंना हे कळलं. एक बैल, आणि साऱ्या गावाची औतं त्याच्याच मानेवर. बैल चांगला आहे म्हणून काय झालं, तो तरी कसा हलणार? त्यांनी बाहेर बघितलं. दारोदार माणसं कानाला फोन लावून उभी. आणि बोलत काय होती?

"अगं, जयाचा फोन सुरू झाला का?"

"मला बी तेच इचारायचं हुतं. थांब, कल्याणला लावून बघते."

अख्खा गाव जयाची काळजी करत होता, आणि तीही हिरव्यावरूनच.

तेवढ्यात जयाच्या फोनवर कसाबसा एक मेसेज घरंगळत आला. राजेश्वरी मॅडमचा. लाईन तुटतेय, साडेदहाला शेवटचा प्रयत्न करते.

पुंजाबा धोतराचा सोगा सावरत बाहेर धावले. "फोन बंद करा! समद्यांनी फोन बंद करा रं!"

"व्हय, व्हय!" माणसं म्हणाली. पोरीच्या नोकरीचा प्रश्न, कोण नाही म्हणेल? प्रत्येकानं लगोलग शेजाऱ्याला फोन लावला. "आरं, पुंजाबा फोन बंद करा म्हनत्यात. तू केलास का? मग कर की. आन् तुझ्या सासऱ्याला बी सांग." पहिल्यापेक्षा गर्दी दुप्पट झाली.

पुंजाबा पारापाशी येऊन उभे राहिले. त्यांना एकच गोष्ट ठाऊक होती. हा गाव त्यांनी 'घे' म्हटलं म्हणून हिरव्यावर बसलाय. आता 'सोड' म्हटल्याबिगर उतरणार नाही. आणि 'सोड' म्हणायला कारण लागतं. बैल चांगला असताना त्याला सोडा कसं म्हणायचं? उभ्या हयातीत त्यांनी एकदाही 'चुकलं' म्हटलं नव्हतं. अजिनाथाच्या मेव्हण्याचा बैल उतारावर बसायचा, तेव्हासुद्धा ते 'उतारच चुकीचा हाय' असं म्हणाले होते. त्यांनी मान वळवली. गोठ्याकडं बघितलं, तर दारात जया दोन्ही हातांत फोन धरून उभी. त्या हातांवर मागल्या हंगामाचे वण अजून तसेच होते.

ते पारावर चढले.

"मंडळी! माझी पारख चुकली!"

चिंचेवरचे कावळेसुद्धा गप झाले म्हणतात.

"ह्या हिरव्याला खोड हाय! मला आधी उमगली न्हाई. ह्याच्यावर बोललेलं वाटंत फुटतंय. आपन ज्याच्याबद्दल बोलतो ना, त्याच्याच कानात जाऊन बसतंय! काल रातीपासनं मला माझ्याबद्दल काय काय ऐकू येतंय, ते मीच जानतो. कोन काय म्हनलं ते एकेकाचं नाव घिऊन सांगू का?"

काय सांगावं! विंचू पडल्यासारखी माणसं फोन झटकू लागली. सगळ्यात आधी सुनांनी कार्डं काढली. ते बघून सासवांनी काढली. मग जावांनी, भावकीनं. भाऊ-भाऊ एकमेकांकडं चोरून बघत पाठीमागं हात नेऊन कार्डं उपसू लागले. एका म्हाताऱ्यानं तर काढलेलं कार्ड चावून गिळलं, मागं पुरावा नको म्हणून. पाराभोवती हिरव्या चकत्यांचा सडा पडला.

एकटा अजिनाथ तेवढा फोन हातात धरून उभा. त्याला लपवायचं काही नव्हतंच. तो पुंजाबांबद्दल जे बोलायचा ते तोंडावरच बोलायचा.

"म्हंजी," तो एकेक शब्द चोखत म्हणाला, "तू फसलास?"

"फसलो."

"मोठ्यांदा बोल. मला कमी ऐकू येतं."

"फसलो रं!"

"आन् माझ्या मेव्हन्याच्या बैलाला?"

पुंजाबांनी दात आवळले. गोठ्याकडून जया ओरडली, "आबा, साडेधा वाजायला आलं!"

"त्याला बी फसलो! उताराची काय बी चूक नव्हती! काढ की आता ते कार्ड, मुडद्या!"

अजिनाथानं डोळे मिटले, थंडगार ताक पोटात उतरावं तसा समाधानाचा सुस्कारा टाकला, आणि कार्ड काढून पारावर ठेवलं.

फोन वाजला.

"हॅलो," जया म्हणाली. आवाज असा स्वच्छ होता की पलीकडच्या गोठ्यातल्या गाईनं घेतलेला श्वास ऐकू यावा. राहुरीकडची आरती नावाची बाई होती, पार रडवेली. "ताई, माझी गाय फुगलीय हो! खाली बसतेय आणि उठतेय."

"घाबरू नका, ताई. पोट डाव्या अंगाला फुगलंय का? सकाळी काय खाल्लं तिनं?"

"लसूणघास खाल्ला. ओलाच होता जरा."

पुंजाबा धापा टाकत खोलीत येऊन पोचले होते. 'ओला' ऐकताच त्यांचं तोंड आपोआप उघडलं. पन्नास वर्षं ज्या तोंडानं दुसऱ्याच्या गाईबैलांना उपाय सांगितले, ते असं कसं बंद राहील? लंकाबाईंनी टोपलीतली अर्धी भाकर उचलली आणि नवऱ्याच्या तोंडात कोंबली.

"तिला खाली बसू देऊ नका," जया शांतपणे सांगत होती. "पुढचे पाय उंचवट्यावर येतील अशी उभी करा, आणि हळूहळू चालवा. चारा सगळा बाजूला काढा. मी आत्ताच डॉक्टरांना तुमच्याकडं धाडते. पत्ता सांगा बघू."

पुंजाबा भाकर चावत मान डोलावत राहिले. एकदा त्यांनी बोट वर केलं, लंकाबाईंनी ते खाली केलं.

मग दुसरा फोन, तिसरा फोन. कुणाची म्हैस माजावर येत नव्हती, कुणाच्या वासराला हगवण लागली होती. जयाची जीभ कुठं अडली नाही आणि लाईन कुठं तुटली नाही. बाराला राजेश्वरी मॅडम स्वतः बोलल्या.

"जया, तुमच्या गावाला कमालीची रेंज आहे गं! एक तारखेपासून ये कामावर. म्हणजे, येऊ नकोस, घरीच बस!"

जयानं फोन ठेवला आणि आजीला अशी मिठी मारली, की दोघी मिळून वैरणीच्या ढिगात पडल्या. पुंजाबांनी भाकर गिळली, पळत ओसरीवर आले आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायला छाती भरून श्वास घेतला. हिरवंच खरं! मी म्हनलं नव्हतं?

आणि तो श्वास तसाच हळूहळू सोडून दिला.

त्यानंतर गावानं पुंजाबांना सुखानं जगू दिलं नाही. कीर्तनाला बसावं तसे लोक पाराशी जमून त्यांच्या पारखीची गंमत करायचे. जांभळ्या आणि केशरी कार्डांवरून, अर्धी तुटत का होईना, ही बातमी घोडेगावापर्यंत पोचली. बाजारात आता व्यापारी बैलापुढं आडवे उभे राहीनात, उलट मुद्दाम हाक मारू लागले, "या पुंजाबा, ह्याचं नेटवर्क बघा!" बाभळीखाली पुन्हा शब्द पडू लागले, टेकाडावर पुन्हा दम लागू लागला, आणि नखाएवढ्या हिरव्या कार्डावर सगळ्या जिल्ह्याची गुरं एकट्या जयापाशी येऊन बोलू लागली.

दिवाळीच्या आधी मुकादमाचा ट्रॅक्टर आला. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्यांची डालगी चढली. जयाचे आईबाप चढले. जया कानातली वायर गळ्यात अडकवून खाली उभी होती. तिची आई ट्रॉलीतून वाकून तिच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "हातांना तेल लावत जा गं आता. मऊ पडू दे जरा."

मुकादमानं पुंजाबांना नमस्कार केला. "आबा, सहा महिनं मानसांनी घरी बोलायचं कसं? कुठलं कार्ड घ्यावं वो ह्या भागात?"

"त्याला इचारतोस व्हय?" गर्दीतून अजिनाथ ओरडला. "इचार, इचार! आन् तो सांगंल ते सोडून दुसरं घे!"

ट्रॉलीतली माणसं खदखदून हसली. पुंजाबांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. लंकाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, आणि पदराखाली भाकरीचा तुकडा चाचपला.

आत फोन वाजला. जया पळाली. "नमस्कार, बोला ताई. काय झालंय गाईला?" एवढे खणखणीत शब्द खिडकीतून बाहेर आले.

"मला काय कळतंय त्यातलं, बाबा," पुंजाबा मुकादमाला म्हणाले. "म्या अडानी मानूस."

लंकाबाईंच्या हातातून तुकडाच गळाला. ट्रॅक्टर धूळ उडवत निघून गेला, तरी त्या नवऱ्याकडंच बघत उभ्या होत्या.